हॉर्नब्लोअर आणि बुशचं जुळवून देणाऱ्यांनो, जरा दमानं!

जुना खलाशी

गेल्या रविवारी भाचीने एक दुवा पाठवला. सोबत एवढंच, "मामा, तुझ्या हॉर्नब्लोअरचं जमलंय." रात्री अकराला सहज म्हणून उघडलं, उठलो तेव्हा पावणेदोन झाले होते. तेव्हापासून चिडचिड चालू आहे. ती घरच्यांवर काढण्यापेक्षा इथे काढतो.

ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी : सी. एस. फॉरेस्टर या इंग्रज लेखकाने १९३७ पासून होरेशिओ हॉर्नब्लोअर या नौदल अधिकाऱ्यावर कादंबऱ्या लिहिल्या. नेपोलियनचा काळ, शिडाची जहाजं, तोफा, किडे पडलेली बिस्किटं. हॉर्नब्लोअर हुशार, आतल्या गाठीचा. जहाज बंदरातून सुटलं की उलट्या करणारा आणि ते कुणाला कळू नये म्हणून धडपडणारा. त्याचा जोडीदार लेफ्टनंट बुश म्हणजे सरळ माणूस, पोटात एक ओठात एक नाही. पुढे १९६९ पासून पॅट्रिक ओब्रायनने त्याच काळावर वीस कादंबऱ्या लिहिल्या. त्यात कप्तान जॅक ऑब्री आणि त्याचा डॉक्टर मित्र स्टीफन मॅट्युरिन. मी मालवाहू जहाजांच्या इंजिन रूममध्ये बत्तीस वर्षं काढली, ही पुस्तकं कायम बरोबर होती. पानांना अजून डिझेलचा वास येतो.

तर चाहते आता या मंडळींच्या प्रेमकथा लिहितात. हॉर्नब्लोअर आणि बुश, ऑब्री आणि मॅट्युरिन. ढिगाने. फॅनफिक म्हणतात त्याला.

आधीच सांगतो, दोन पुरुषांच्या प्रेमाचं मला वावडं नाही. त्यावरून झोडपू नका. माझी तक्रार अशी की या कादंबऱ्यांची सगळी मजा न बोलण्यात आहे आणि हे लोक सगळं बोलून टाकतात. 'लेफ्टनंट हॉर्नब्लोअर' (१९५२) घ्या. डोक्यावर परिणाम झालेला कप्तान सॉयर रात्री जहाजाच्या तळात पडतो. ढकललं कुणी? फॉरेस्टर शेवटपर्यंत सांगत नाही. गोष्ट बुशच्या नजरेने चालते. हॉर्नब्लोअरच्या तोंडून नीट उत्तर येत नाही, बुश फार खणत नाही, आणि मैत्री पक्की होते. टीव्हीवाल्यांनी २००१ मध्ये ही गोष्ट केली तेव्हा हॉर्नब्लोअरचा दोस्त आर्ची केनेडी याला भर कोर्टात कबुली द्यायला लावली. झालं, गूढ गेलं. फॅनफिकमध्ये तर दर दुसऱ्या पानावर कबुली. जो माणूस स्वतःशीही धड बोलत नाही तो बुशसमोर बसून लहानपणापासूनची दुःखं सांगतो, जणू समुपदेशकाकडे तासाचे पैसे भरलेत.

दुसरं म्हणजे जहाज. लिहिणाऱ्यांनी युद्धनौका म्हणजे लाकडी लॉज समजलंय. खलाशाच्या झोपायच्या झोळीला जागा मिळायची १४ इंच. कप्तानाला केबिन असे, पण दाराशी रात्रंदिवस बंदूकधारी मरीन. डोक्यावर काचेची तावदानं, त्यांच्या वर पाळीचा अधिकारी येरझाऱ्या घालतोय. केबिनच्या भिंती म्हणजे फळ्या, लढाईची तयारी सुरू झाली की काढून तळात नेणार. अशा ठिकाणी ही दोघं पहाटेपर्यंत हितगुज करतात आणि पहारेकरी बहुतेक बहिरा असतो. आमच्या जहाजाच्या भिंती पोलादाच्या होत्या. तरी मला आलेलं पत्र बायकोचं की आईचं, हे मी फोडायच्या आत भंडाऱ्याला ठाऊक असायचं.

बोला.

मी_डोंबिवलीचा

पुढची रांग धरलीय. चहा कुणाला हवाय?

तिरफळ

खलाशीकाका, मी त्यातलीच एक. अकरा वर्षं हॉर्नब्लोअर-बुश लिहिते, इंग्रजीत, टोपणनावाने. कंटाळवाणं कुणी पावणेदोनपर्यंत वाचत नाही, एवढं आधी नोंदवून ठेवते.

रद्दी भरपूर आहे, मान्य. जिथे कुणीही फुकटात लिहू शकतं तिथे ती असणारच. पण न बोलण्याबद्दल तुम्ही म्हणताय ना, तर 'फ्लाइंग कलर्स' (१९३८) आठवा. लढाईत बुशचं पाऊल गेलंय. दोघं कैदेत. फ्रेंच त्यांना बग्गीत घालून पॅरिसला नेतायत, तिथे बहुधा गोळी घालणार. वाटेत जखमेतले दोरे काढायची वेळ येते. रक्तवाहिन्या बांधलेले दोरे, ते जखम पिकली की ओढून काढायचे असत. बरोबर डॉक्टर नाही. हॉर्नब्लोअरला असल्या गोष्टींनी कसंतरी होतं, तरी तो स्वतः वाकून एकेक दोरा चाचपतो, सैल झालाय का बघतो आणि ओढतो. फॉरेस्टर तिथे प्रेम वगैरे शब्द जवळपासही येऊ देत नाही. सतराव्या वर्षी ते पान वाचून मी पुस्तक मिटलं आणि गच्चीवर जाऊन बसले. मी जे लिहिते ते त्या पानानंतरचं आहे. लेखक पुढच्या मुक्कामाला गेला, मी त्या बग्गीतच राहिले.

आणि प्रेमकथा आम्ही घुसवली म्हणू नका. मालिकेतलं सर्वांत आधी लिहिलेलं पुस्तकच (१९३७) प्रेमकथा आहे. लेडी बार्बरा, वेलिंग्टनची काल्पनिक बहीण, पनामाकडे जहाजावर चढते आणि केप हॉर्नचा वळसा होईपर्यंत कप्तान गारद. तेव्हा तुमचा पहारेकरी कुठे गेला होता?

जुना खलाशी

पहारेकरी नाही, पण बार्बराची दासी होती! हिबी. ऐन मोक्याला ती दार उघडून आत येते आणि कप्तानसाहेबांच्या शिडातली हवा जाते. फॉरेस्टरला जहाज कळत होतं. तुमच्या मंडळींच्या गोष्टीत हिबी येत नाही, हेच तर म्हणतोय.

पावणेदोनचा मुद्दा मान्य. लिहितात बरे काही जण.

अर्धा व्हल्कन

एक गंमत सांगून जातो. पुरुष-पुरुष फॅनफिकला 'स्लॅश' म्हणतात ते सत्तरच्या दशकातल्या 'स्टार ट्रेक'च्या चाहत्यांमुळे. कर्क आणि स्पॉक यांच्या नावांमध्ये तिरकी रेघ द्यायचे, तिचंच नाव पडलं. आणि १९६६ ची ती मालिका बेतताना जीन रॉडनबेरीच्या डोळ्यांसमोर कप्तान कर्क म्हणजे अंतराळातला हॉर्नब्लोअर होता. म्हणजे हॉर्नब्लोअरची लेक अंतराळात नांदायला गेली आणि आता माहेरपणाला आलीय. मामा, दार उघडा.

उभा छेद

जरा लांबलचक लिहितो, सांभाळून घ्या.

खलाशी, तुमचं पहिलं वाक्य, 'वावडं नाही', प्रामाणिक आहे असं धरून चालतो. पण न बोलण्यातली मजा ज्याला बोलायची मुभा आहे त्याच्यासाठी असते. मी ओब्रायन वाचला एकोणिसाव्या वर्षी, सांगलीला, वाचनालयातून आणून. पहिल्याच प्रकरणात १८०० साली मिनॉर्का बेटावरच्या एका मैफलीत जॅक आणि स्टीफन शेजारी बसलेत. जॅक गुडघ्यावर ताल धरतोय, तोही अर्धी मात्रा पुढे. स्टीफन त्याला कोपर मारतो. द्वंद्वयुद्धापर्यंत गोष्ट जाते. त्याच रात्री जॅकला बढतीची बातमी कळते, तो आनंदात सगळं विसरतो आणि पुढची वीस पुस्तकं दोघं रात्री केबिनमध्ये व्हायोलिन आणि चेलो वाजवतात. बायका, लग्नं, कर्जं, युद्धं येतात-जातात, संध्याकाळचं वादन चालू. मला तेव्हा एवढंच कळलं होतं की मला हे हवंय. ते कुणाला सांगायची सोय नव्हती. ६ सप्टेंबर २०१८ पर्यंत समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ होतं, आणि ते कलमही त्याच साम्राज्याने १८६० मध्ये आपल्याला दिलेलं. तेव्हा कुणीतरी ती तार जुळवून गोष्ट लिहिली, त्यात मला मी दिसलो, तर त्याला रसभंग म्हणू नका.

आता तिरफळताई, तुमच्या बाजूच्यांनाही ऐकवतो. ब्रिटिश नौदलाच्या १७४९ च्या युद्धनियमांत एकोणतिसावं कलम होतं : अशा संबंधांना देहदंड. कागदावर नव्हतं ते. १८१६ मध्ये पोर्ट्समथला 'आफ्रिकेन' जहाजावरच्या चौघांना फाशी दिली. नेपोलियन सेंट हेलेनाला पोचून बसला होता, युद्ध संपलं होतं, तरी दिली. बऱ्याच फॅनफिकमध्ये ही फाशी लोणच्यासारखी येते, तोंडी लावायला. "कुणाला कळलं तर आपल्याला लटकवतील," असं म्हणून पुढच्या ओळीत मिठी. एखाद्या बारक्या पोराने साक्ष दिली तर काय होईल, जहाजावर कुजबुज कशी पसरेल, वर्षानुवर्षं जपून वागलं की माणूस कसा आखडत जातो, हे कुणी लिहीत नाही. मी ते जगलोय, फाशी वगळून. म्हणून खलाशींचा पहारेकरी मला हवाय. तो काढलात तर गोष्ट माझी राहत नाही.

तिरफळ

छेद, हे माझ्या जुन्या गोष्टींना तंतोतंत लागू आहे. नव्यांत सुधारलेय असं वाटतं, पण ठामपणे सांगवत नाही.

मारियाची वकील

सगळे पुरुषांच्या मनाचे कप्पे उघडून बसलेत, म्हणून मी उभी राहते. अशील : मारिया, हॉर्नब्लोअरची पहिली बायको.

पोर्ट्समथला अर्ध्या पगारावर, पत्ते खेळून पोट भरणारा हा हिरो. घरमालकिणीची मुलगी त्याच्या कोटाच्या खिशात गुपचूप अर्ध्या क्राउनचं नाणं ठेवते. तिच्याकडेही फार नसताना. हा दयेपोटी लग्न करतो आणि मग पुस्तकागणिक तिचे लाल हात, तिचं बोलणं, तिचं लाडात येणं याची लाज बाळगतो. तिची पोरं देवीने जातात. शेवटी हा फ्रान्समध्ये एका सरदाराच्या वाड्यात त्याच्या सुनेबरोबर हिवाळा घालवत असतो तेव्हा इकडे ती बाळंतपणात मरते. लेखकाने बार्बरासाठी वाट मोकळी केली. ओब्रायननेही १९९८ च्या पुस्तकात स्टीफनच्या बायकोला, डायनाला, पडद्यामागे घोडागाडीच्या अपघातात मारलं. दोन्ही खून मूळ लेखकांच्या नावावर.

पण फॅनफिकवाल्या बायकांनी काय केलं? हो, बायकांनीच, लिहिणाऱ्या बहुतेक बायकाच आहेत. मारियाला कजाग केलं, नाहीतर पहिल्या परिच्छेदात पुरून टाकलं. एकीने तर तिला "समजूतदारपणे" दोघांच्या मधून बाजूला व्हायला लावलंय, वर आशीर्वादही द्यायला लावलेत. मराठी मालिकेत शोभेल.

आणि जहाजावर बायका नव्हत्याच असं कुणी सांगू नका. १७९८ ला नाईलच्या लढाईत 'गोलायथ'वर बायका तोफांना दारू पुरवत होत्या. जॉन निकोल नावाच्या खलाशाने आठवणींत लिहिलंय, एकीने तोफा धडाडत असताना मुलगा जन्माला घातला. जेन ऑस्टेनचे दोन भाऊ नौदलात, तिला सगळं माहीत. तिच्या 'पर्स्वेजन'मधली मिसेस क्रॉफ्ट ॲडमिरल नवऱ्याबरोबर चार वेळा अटलांटिक ओलांडून आलीय. त्या पुस्तकाचा नायक कप्तान वेंटवर्थही आठ वर्षं गप्प बसून शेवटी एका पत्रात सगळं ओततो. खलाशी, तुमच्या न बोलण्याला आणि यांच्या बोलण्याला, दोन्हीला तिथे जागा आहे. पण तिथे पलीकडे नायिका ॲन आहे, तिला डोकं आहे.

तिरफळ

वकीलबाई, गुन्हा कबूल. पण एक कारण सांगते, सबब नव्हे. या लेखकांनी मन दिलं ते पुरुषांना. मारियाच्या डोक्यात फॉरेस्टर एकदाही शिरत नाही. बुशच्या डोक्यात अख्खं पुस्तक बसून काढतो. लिहिणाऱ्याला आधी धागा लागतो, तो जिथे लोंबतोय तिथूनच ओढला जातो.

मारियाची वकील

मग ज्याच्या डोक्यात कुणीच शिरलं नाही तिथे शिरा ना. तीच तर मोकळी जागा.

खंडेरी

मी अलिबागचा. माझा या सगळ्याशी संबंध ओब्रायनच्या 'एचएमएस सरप्राइज' (१९७३) पुरता. त्यात जहाज मुंबईला येतं. स्टीफन गर्दीत, बाजारात, वासात हरवून जातो. त्याला दिल नावाची एक लहान, तोंडाळ, हुशार पोर भेटते, शहर दाखवते. तिला जगात काय हवं असतं, तर चांदीच्या बांगड्या. तो आणून देतो. आणि त्याच बांगड्यांसाठी कुणीतरी तिला मारून टाकतं.

मी एवढं वाचलं आणि पुढची शंभरेक पानं रागात वाचली. यांच्या प्रेमकथेला तडका म्हणून आमची पोर मारायची? फॅनफिकमध्ये 'फिक्स-इट' म्हणतात तो प्रकार असतो ना, मेलेल्याला वाचवणारा? आर्ची केनेडीला वाचवणाऱ्या गोष्टी पैशाला पासरी आहेत. कादंबरीत त्याचं जेमतेम नाव येतं, टीव्हीवर देखणा नट होता म्हणून लोक वर्षानुवर्षं त्याला जिवंत करतायत. दिलला वाचवणारी एकही माझ्या बघण्यात आली नाही. कुणी लिहिली असेल तर दुवा द्या, मी माझ्याकडून मासे पाठवतो.

तिरफळ

दुवा नाहीये. लाज वाटली हे वाचून.

मुंबईचा विषय निघालाय म्हणून. मी इंग्लंडच्या ईशान्येला राहते, तासाभरावर हार्टलपूल. तिथे 'ट्रिंकोमाली' उभी आहे, १८१७ ला मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेली फ्रिगेट. मी पहिल्यांदा गेले तेव्हा नवरा कंबरेत वाकून चालत होता आणि मी हाताने झोळीची जागा मोजत होते. १४ इंच म्हणजे साधारण दीड वीत. (अर्धे लोक पाळीवर असायचे, म्हणून झोपताना शेजारची जागा रिकामी मिळे, हे काकांनी सांगितलं नाही!) मग कप्तानाच्या केबिनच्या दारात उभी राहिले, जिथे मरीन उभा राहायचा तिथे. आतलं सगळं ऐकू येतं. नवरा आत कुजबुजला, "चहा कुठे मिळेल?" मला शब्दन् शब्द कळला. त्यानंतर मी सात गोष्टी काढून टाकल्या.

जुना खलाशी

दीड वीत. बरोबर. पाळीचं लिहायचं राहिलं, मान्य.

सात गोष्टी कशाला काढल्या? एकात पहारेकऱ्याला पात्र करायचं.

बर्फाचा गोळा

तुमची पात्रं निदान काल्पनिक आहेत. आजकाल शिडाच्या जहाजांची प्रेमकथा म्हटलं की निम्मी गर्दी 'टेरर' या २०१८ च्या मालिकेची असते. १८४५ ला 'एरेबस' आणि 'टेरर' ही दोन जहाजं आर्क्टिकमधून पॅसिफिककडे जायची वाट शोधायला गेली, १२९ माणसं बर्फात संपली. लोक कप्तान क्रोझियर आणि कप्तान फिट्झजेम्स यांची प्रेमकथा लिहितात. ही खरी माणसं. २०२४ मध्ये फिट्झजेम्सचं जबड्याचं हाड डीएनएवरून ओळखलं गेलं, त्यावर सुरीच्या खुणा होत्या. सोबत्यांनी भुकेपायी खाल्लं त्याला. त्याच्यावर चंद्रप्रकाशातली चुंबनं लिहायची? मला उलटी येते.

मी_डोंबिवलीचा

प्रश्न चांगला आहे, पण 'स्वामी' वाचताना रमा-माधवाच्या संवादांना आपण पुरावा मागितला होता का? आमच्या घरात तीन पिढ्या रडल्यात त्यावर.

बर्फाचा गोळा

ती नवरा-बायको होती हो. आणि ती सती गेली हेही इतिहासातच आहे. नातं खरं, संवाद कल्पित. इथे नातंच कल्पित. फरक आहे.

मी_डोंबिवलीचा

फरक आहे, पण तुम्ही म्हणताय तेवढा आहे का, याबद्दल मला शंका आहे. असो. चहा गार झाला.

तिरफळ

विषय जरा वळवते. यंदा पहिल्यांदा हे मराठीत लिहायला घेतलं आणि पहिल्याच संवादात अडले. बुश हॉर्नब्लोअरला काय म्हणेल, अरे की अहो?

इंग्रजीत प्रश्नच नाही, सगळ्यांना एकच 'यू'. पण बघा, 'रिनाउन' जहाजावर बुश तिसरा लेफ्टनंट आणि हॉर्नब्लोअर पाचवा. म्हणजे बुश अरे-तुरे करणार, हॉर्नब्लोअर 'हो साहेब'. मग १८०३ ला हॉर्नब्लोअर 'हॉटस्पर'चा प्रमुख होतो आणि बुश त्याच्या हाताखाली. एका रात्रीत अरेचं अहो. इंग्रजीत फक्त 'सर' या टोकाचा त्या टोकाला जातो. मराठीत प्रत्येक क्रियापद बदलतं. काल 'झोप जरा' म्हणणारा माणूस आज 'झोपता का साहेब?' म्हणतो. मला अकरा वर्षं जे शोधून लिहावं लागत होतं ते व्याकरणात आयतं मिळालं.

मी_डोंबिवलीचा

अडचण अशी की बुश 'अहो' म्हणाला की मला आजीचा आवाज ऐकू येतो. "अहो, ऐकलंत का? डोलकाठी पडली."

मारियाची वकील

हसून पडले. पण मुद्दा आहे. 'अहो' म्हटल्याबरोबर बुशच बायको होतो.

उभा छेद

हसा, पण मला ते आवडलं. वरिष्ठाला म्हणायचा शब्द आणि नवऱ्याला म्हणायचा शब्द एकच. पहारेकऱ्याला संशयही येणार नाही.

जुना खलाशी

आमच्याकडे चीफला सगळे 'साब'. एकदा बॉयलरची नळी फुटली, तेव्हा माझ्या हाताखालचा रत्नागिरीचा पोरगा ओरडला, "अरे वाक!" मी वाकलो. संध्याकाळी तो माफी मागायला आला, "साब, तोंडातून गेलं." मी म्हटलं, कशाबद्दल बोलतोयस? पुन्हा तो विषय निघाला नाही. पुढे सहा वर्षं एकत्र होतो.

याला प्रेमकथा म्हणू नका, आधीच सांगतो.

तिरफळ

काका, कुणी म्हणत नाहीये.

उभा छेद

(मी तरी म्हटलं नाही.)

तिरफळ

बरं. कालच्या रात्री लिहिलेलं टाकते, कच्चं आहे. तीच बग्गी, दोरे काढल्यानंतरची रात्र.

"चाक खड्ड्यातून गेलं तसा बुश कण्हला, पण डोळे उघडले नाहीत. कपाळ अजून तापलेलं होतं. 'वारा फिरलाय,' तो पुटपुटला. 'जा रे, झोप जरा. पुढची पाळी माझी आहे.' हॉर्नब्लोअरचा हात ओल्या फडक्यासकट तसाच थांबला. 'रिनाउन' सोडल्यापासून त्याला या माणसाने अरे म्हटलं नव्हतं. 'हो साहेब' ओठांपर्यंत आलं. ते त्याने गिळलं, घसा खाकरला, फडकं पुन्हा पिळून कपाळावर ठेवलं आणि काही ऐकलंच नाही असं स्वतःला बजावून खिडकीबाहेरच्या काळोखात बघत बसला."

सांगा आता.

मारियाची वकील

मारिया यात नाही, पण निदान तिचा अपमानही नाही. चालेल.

जुना खलाशी

'वारा फिरलाय' बरोबर. तापात खलाशी तेच बडबडतो. खिडकी ठीक.

पण बग्गीत त्यांच्या जहाजावरचा खलाशी ब्राउन होता. बुशच्या शुश्रूषेसाठी हॉर्नब्लोअरने स्वतः त्याला बरोबर मागून घेतलं होतं. तो समोरच बसलेला असणार. त्याने सगळं ऐकलं.

तिरफळ

अगं बाई. ब्राउन राहिलाच.